शकुंतलेची अंगठी आणि कथानकाची बांधणी

कादंबरी लिहायला घेतलेल्या माणसाची पहिली चाळीस-पन्नास पानं साधारणपणे भराभर होतात. पात्रं डोळ्यांपुढे असतात, गाव ओळखीचं असतं, भाषा हाताशी असते. मग लेखन अडतं. पुढे काय लिहावं सुचत नाही, म्हणून एखादा पाहुणा घरी येतो, कुणाचा अपघात होतो, कुणी अचानक आजारी पडतं, आणि तरीही गोष्ट जागची हलत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, आपली प्रतिभाच आटली. मला ते पटत नाही. अशा वेळी प्रसंगांची उणीव नसते, एका प्रसंगातून दुसरा निघत नसतो. म्हणजे अडचण बांधणीची असते, आणि बांधणी शिकता येते.

ती शिकायचा मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एकच गोष्ट दोन लेखकांनी कशी सांगितली ते शेजारी ठेवून पाहणं. त्यासाठी शकुंतलेच्या गोष्टीइतकं सोयीचं उदाहरण नाही. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि तीच कालिदासाने सात अंकी नाटकात घेतली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला ती मराठी पदांतूनही पाठ आहे. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणूनच तिची बांधणी नीट न्याहाळता येते.

महाभारतातली गोष्ट

दुष्यंत शिकारीला निघतो आणि कण्वांच्या आश्रमात पोचतो. कण्व फळं आणायला गेलेले असतात. शकुंतला त्याचं स्वागत करते, आपल्या जन्माची हकीकत स्वतःच सांगते. राजा गांधर्वविवाहाचा प्रस्ताव मांडतो. ती अट घालते: माझा मुलगा युवराज झाला पाहिजे. राजा कबूल होतो, लग्न होतं, ‘तुला न्यायला सैन्य पाठवतो’ असं सांगून तो निघून जातो. मुलगा होतो, आश्रमात वाढतो, सहा वर्षांचा असताना वाघ-सिंहांना झाडाला बांधू लागतो. मग शकुंतला त्याला घेऊन दरबारात जाते. राजाला सगळं आठवत असतं, तरीही तो ‘मला आठवत नाही’ असं म्हणतो. महाभारतकार हे स्पष्ट शब्दांत सांगतात. ती त्याला सत्याविषयी खडे बोल सुनावते आणि जायला निघते. तेवढ्यात आकाशवाणी होते की हा तुझाच मुलगा. राजा आनंदाने दोघांना स्वीकारतो आणि म्हणतो, मला ठाऊक होतंच, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

ही दुबळी गोष्ट नाही. दरबारातली शकुंतला मला तर नाटकातल्या शकुंतलेपेक्षा जास्त आवडते. पण कथानक म्हणून पाहिलं तर दोन गोष्टी जाणवतात. राजा नाकारतो त्याचं कारण आपल्याला अगदी शेवटी कळतं, तेही त्याच्याच तोंडून. आणि पेच सुटतो तो आकाशवाणीने, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही प्रसंगातून न निघालेल्या घटनेने.

कालिदासाने यात अंगठी आणि शाप आणला, हे सगळे सांगतात. शिकण्यासारखं आहे ते पुढचं: एवढ्या दोन गोष्टी आत घेण्यासाठी त्याला बाकीचं सगळं नाटक कसं हलवावं लागलं.

अंगठी कधी दिसते?

बहुतेकांना वाटतं, अंगठी येते ती निरोपाच्या वेळी. प्रत्यक्षात ती पहिल्याच अंकात येते. झाडांना पाणी घालण्याचं शकुंतलेकडे देणं आहे म्हणून तिची मैत्रीण प्रियंवदा तिला अडवते, तेव्हा राजा स्वतःची ओळख लपवून ते देणं फेडायला आपली अंगठी पुढे करतो. मैत्रिणी तिच्यावर कोरलेलं नाव वाचतात आणि चपापतात. हलकाफुलका, थट्टेचा प्रसंग आहे. अंगठी परत राजाकडेच राहते. पण प्रेक्षकाला आता तीन गोष्टी कळलेल्या असतात: राजाकडे अंगठी आहे, तिच्यावर नाव आहे, आणि ती ओळख पटवू शकते. पाचव्या अंकात ज्या वस्तूवर एका बाईचं आयुष्य टांगलेलं असणार, ती वस्तू पहिल्या अंकात हसत-खेळत हाताळून झालेली आहे.

यालाच पेरणी म्हणतात. नवा लेखक इथे दोन टोकांना जातो. एक तर तो महत्त्वाची वस्तू ऐन वेळी खिशातून काढतो. नाहीतर इतक्या ठळकपणे आधी दाखवतो की वाचक लगेच ओळखतो, ही पुढे कामाला येणार. कालिदासाची युक्ती अशी की पेरणीच्या प्रसंगाला स्वतःचं वेगळं काम आहे. आपण त्या वेळी राजा पकडला जातो की काय याकडे पाहत असतो, अंगठीकडे पाहत नसतो. तुमच्या गोष्टीत काही पेरायचं असेल तर ते दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात पेरा.

पहिल्याच अंकात आणखी एक वाक्य आहे. कण्व कुठे गेले? शकुंतलेचं प्रतिकूल दैव शांत करायला सोमतीर्थाला. महाभारतात ते फळं आणायला गेले होते. बदल एका वाक्याचा आहे, पण आश्रमातल्या त्या सगळ्या कोवळ्या प्रेमावर पहिल्यापासून एक सावली पडते.

म्हणून, पण, मग

कथानक तपासायची एक साधी रीत आहे. आपले प्रसंग एकाखाली एक लिहायचे आणि दोन प्रसंगांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते पाहायचं. ‘मग’ बसत असेल तर तिथे सांधा नाही. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर आहे.

नाटकाचं करून पाहू. राजा शकुंतलेला अंगठी देऊन निघून जातो, म्हणून ती त्याच्या विचारात हरवते. म्हणून दारात आलेल्या दुर्वासांची हाक तिला ऐकू येत नाही. म्हणून ते शाप देतात: ज्याच्या विचारात आहेस तो तुला विसरेल. पण प्रियंवदा विनवणी करते, म्हणून ते उःशाप देतात की ओळखीचा दागिना दाखवला की शाप सुटेल. पण राजाकडे जाताना वाटेत शक्रावताराला शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना अंगठी बोटातून निसटते. म्हणून राजसभेत तिच्याकडे पुरावा नाही. म्हणून ती नाकारली जाते.

या साखळीत एकही ‘मग’ नाही. आणि साखळी सुरू होते ती शकुंतलेच्या स्वभावातून. ती प्रेमात इतकी बुडाली आहे की समोरचा पाहुणा तिला दिसत नाही. शाप बाहेरून येतो, पण त्याला आत शिरायची फट तिच्याच मनात आहे.

शाप म्हणजे राजाला निर्दोष ठरवायची सोय, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण पाचव्या अंकाची सुरुवात पाहा. शकुंतला सभेत येण्याआधी पडद्यामागून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं: आंब्याच्या मोहोराला चुंबून तू त्याला विसरलास, भुंग्या. राजाने एकदा प्रेम करून बाजूला सारलेली ही राणी आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी शकुंतलेवरच्या निबंधात या गाण्याकडे बोट दाखवलं आहे. त्यांचं म्हणणं असं की शापाने जे घडवलं त्याचं बीज राजाच्या स्वभावात होतंच. बांधणीच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. बाहेरून आलेली घटना आणि आतला स्वभाव एकाच दिशेने ओढत असले की वाचक योगायोगाची तक्रार करत नाही.

कुणाला काय माहीत आहे

बांधणी शिकवताना ही बाजू सर्वांत कमी बोलली जाते, आणि माझ्या मते गोष्टीतला निम्मा ताण इथूनच येतो.

शाप कुणी ऐकला? अनसूया आणि प्रियंवदा या दोघींनी. शकुंतला हळवी आहे, तिला सांगायचं नाही असं त्या ठरवतात. राजाला माहीत नाही, कण्वांना माहीत नाही. प्रेक्षकाला मात्र माहीत आहे. त्यानंतर येतो तो निरोपाचा प्रसंग. लेक सासरी निघाली आहे, वेली, हरणं, मैत्रिणी, कण्वांचा दाटलेला कंठ. त्या प्रसंगात दुःख आहेच, पण प्रेक्षकाच्या पोटात जो गोळा येतो तो शापामुळे. मुलगी जिथे निघाली आहे तिथे तिला कुणी ओळखणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही. निघता निघता मैत्रिणी सांगतात, राजाला ओळखायला वेळ लागला तर ही अंगठी दाखव. ती दचकते. त्या तिला धीर देतात. कारण सांगत नाहीत.

शाप आपल्यालाही माहीत नसता तर? पाचव्या अंकात राजा ‘मी हिला ओळखत नाही’ म्हणाला असता, आपल्याला क्षणभर धक्का बसला असता, आणि उरलेला वेळ राजाचा राग करण्यात गेला असता. माहिती आधी दिल्यामुळे धक्का गेला, पण दीड अंकभर पुरणारी धास्ती मिळाली. प्रत्येक रहस्याच्या बाबतीत लेखकाला हा निर्णय घ्यावाच लागतो: वाचकाला आधी सांगू की पात्राबरोबर कळू देऊ? नवशिके बहुधा लपवण्याकडे झुकतात, कारण धक्का देणं म्हणजेच कौशल्य असं वाटतं. मी तरी आधी सांगून पाहावं असं म्हणेन. लपवलेली गोष्ट एकदाच कामाला येते.

आता कालिदासाच्या कारागिरीचा मला सर्वांत आवडणारा भाग. राजाचा जिवलग मित्र विदूषक माधव्य दुसऱ्या अंकात असतो आणि राजा त्याला शकुंतलेबद्दल सगळं सांगून टाकतो. मग पाचव्या अंकात राजा विसरल्यावर माधव्य आठवण का करून देत नाही? इथे मोठं भोक पडलं असतं. कालिदासाने ते आधीच बुजवलं आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी माधव्याला राजधानीत पाठवायची वेळ येते. हा अंतःपुरात बडबडेल या भीतीने राजा त्याला सांगतो, ते सगळं मी थट्टेत बोललो होतो, खरं मानू नकोस. आणि पाचव्या अंकात शकुंतला येण्याआधीच राजा माधव्याला हंसपदिकेची समजूत काढायला पाठवून देतो. सहाव्या अंकात राजा विचारतो, तू तरी का नाही बोललास? माधव्य म्हणतो, तुम्हीच म्हणालात ना, थट्टा होती म्हणून.

कुणाला काय कळलं आहे याचा हिशेब किती बारकाईने ठेवावा लागतो ते इथे दिसतं. शिवाय भोक बुजवताना राजाचा स्वभावही उघडा पडला: अडचण दिसली की खोटं बोलून मोकळं व्हायची त्याची सवय. तुमच्या कथेतही वाचक विचारेल, ‘पण मग त्याने फोन का नाही केला?’ त्याचं उत्तर ‘मोबाइलची बॅटरी संपली होती’ असं दिलंत तर भोक बुजेल, पण गोष्ट पुढे जाणार नाही. पात्राच्या स्वभावातून दिलंत तर दोन्ही होईल.

योगायोगाचं काय?

कोळ्याला रोहू माशाच्या पोटात अंगठी सापडते, हा निव्वळ योगायोग. आपण तो मान्य कसा करतो? संकट वाढवणारा योगायोग वाचक सहज स्वीकारतो, संकट सोडवणारा योगायोग त्याला खटकतो. पाण्यात अंगठी पडणं हा पहिल्या जातीचा. अंगठी परत मिळणं दुसऱ्या जातीचं वाटतं, पण नीट पाहा: ती मिळते तेव्हा शकुंतला निघून गेलेली आहे. राजाला आठवण परत येते आणि तिच्याबरोबर पश्चात्ताप येतो, शकुंतला येत नाही. अंगठी सापडल्याने राजाचं दुःख सुरू होतं. म्हणून हा योगायोग नाटकाला सैल करत नाही, आणखी आवळतो.

शिवाय त्याआधी कोळ्याला चोर समजून पकडणाऱ्या शिपायांचा छोटा प्रवेश आहे. अस्सल बोलीतला, दरडावणीचा आणि शेवटी दारूच्या दुकानाकडे वळणारा. दोन भारी अंकांच्या मध्ये प्रेक्षकाला श्वास घ्यायला मिळतो, आणि तेवढ्यात कथेचं चाकही फिरतं.

मधला भाग

कादंबऱ्या मरतात त्या इथे. सुरुवात उत्साहाने होते, शेवट मनात असतो, मधली दीडशे पानं कशी न्यायची ते कळत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राने कथावस्तूला नाट्याचं शरीर म्हटलं आहे आणि त्याचे पाच सांधे सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. मुखात बीज पडतं, प्रतिमुखात ते दिसू-लपू लागतं, विमर्शात मिळालेलं हातचं जाईल असं संकट येतं, निर्वहणात सगळे धागे एकत्र येतात. पाश्चात्त्य परंपरेत ॲरिस्टॉटलने आदि, मध्य, अंत असे तीन भाग केले आणि कलाटणी व ओळख पटणं या दोन क्षणांना फार महत्त्व दिलं. या चौकटी पाठ करून कुणी लेखक होत नाही. पण मधल्या भागासाठी गर्भ संधीची जी व्याख्या दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त केली आहे, ती मी लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: दिसून नाहीसं झालेल्या बीजाचा पुन्हा पुन्हा शोध.

मधल्या भागात नेमकं हेच करायचं असतं. पात्राला हवं ते जवळ आलंसं वाटलं पाहिजे, मग निसटलं पाहिजे, आणि पुन्हा शोधताना ते आधीपेक्षा महाग झालं पाहिजे. मधला भाग पडतो तो बहुधा यामुळे की तिथे घडामोडी असतात, पण त्यांतल्या कुठल्याही घडामोडीने पात्राची मागे फिरायची वाट बंद होत नाही. पात्र पान १०० वर जिथे उभं होतं तिथेच १८० वर उभं असेल, तर मधली ऐंशी पानं कितीही सुंदर असोत, वाचक ती उलटून जाईल.

उपकथानकाचंही तसंच. सहाव्या अंकात धनमित्र नावाचा व्यापारी समुद्रात बुडून मेल्याची बातमी येते. त्याला मूल नाही, म्हणून मालमत्ता राजाकडे जमा व्हायची. कारभाराची एक किरकोळ बाब. पण राजाला त्यात स्वतःचं निपुत्रिकपण दिसतं, आणि आपण गरोदर बायकोला हाकलून दिलं हे नव्याने टोचतं. उपकथानक मुख्य कथेवर दाब देत असेल तर ठेवा. फक्त वेगळं आणि मनोरंजक असेल तर त्याची वेगळी कथा लिहा.

एक गोष्ट बांधून पाहू

हे सगळं आजच्या एखाद्या साध्या विषयाला लावून पाहू. बीज असं: लग्न झालेली सुमन वडिलांच्या मृत्यूनंतर भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देते. दहा वर्षांनी शेतातून महामार्ग जातो आणि भाऊ दत्ताला मोबदला मिळतो.

पहिल्या खर्ड्यात हे असं उतरतं: सही झाली, मग महामार्ग आला, मग पैसे मिळाले, मग भांडण झालं, मग आई वारली आणि भाऊ-बहीण एकत्र आले. विषय खरा आहे, घराघरातला आहे. पण चारही सांधे ‘मग’चे आहेत आणि शेवट आईच्या मरणाने, म्हणजे आकाशवाणीनेच, सोडवला आहे.

आता एक वस्तू घेऊ. सुमनच्या पाटल्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला तेव्हा विहीर आणखी खोल करायला पैसे नव्हते, आणि तिने आपल्या पाटल्या आईजवळ गुपचूप दिल्या. सासरी सांगितलं, यात्रेत हरवल्या. आईने दत्ताला सांगितलं, शेळ्या विकल्या. म्हणजे पाटल्यांचं सत्य सुमनला आणि आईला माहीत आहे. दत्ताला नाही, सुमनच्या नवऱ्यालाही नाही. वाचकाला मी हे पहिल्याच प्रकरणात सांगेन, तेही विहिरीला पाणी लागल्याच्या आनंदाच्या ओघात. सगळे पाण्याकडे पाहत असतील आणि एक बाई आपल्या रिकाम्या मनगटावर पदर ओढून घेत असेल.

मग साखळी आपोआप हलू लागते. भूसंपादनात विहिरीचं मूल्यांकन वेगळं होतं, म्हणून दत्ताला जमिनीखेरीज विहिरीचेही पैसे मिळतात. सुमनच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला आहे, म्हणून ती फीसाठी भावाकडे जाते. पण दत्ताने पैसे आधीच सावकाराचं देणं आणि ट्रॅक्टरच्या हप्त्यांत घातलेले आहेत, म्हणून तो म्हणतो, सही देताना तू खुशीने दिलीस ना? विहीर तुझ्याही पैशांची आहे हे सुमन तिथेच सांगू शकते. का सांगत नाही? कारण तसं सांगितलं तर सासरी वीस वर्षं जपलेलं खोटं उघडं पडेल. हेच ते फोन न करण्याचं कारण, आणि ते तिच्या संसारातून आलेलं आहे.

पुढे नवरा वकिलाकडे नेतो. वकील सुचवतो: सही फसवून घेतली असं म्हणा. आता सुमनसमोरचे दोन्ही रस्ते महाग आहेत. पैसे हवे असतील तर सख्ख्या भावावर खोटा आळ घ्यायचा. खरं बोलायचं तर नवऱ्यासमोर स्वतः खोटी ठरायचं. मधल्या भागात तिला एकदा वाटतं, सुटले: आई म्हणते, मी दत्ताला सांगते. आई सांगायला जाते, पण त्याच दिवशी वकिलाची नोटीस दत्ताच्या हातात पडलेली असते. म्हणून तो आईचं म्हणणं बहिणीने पढवलेलं मानतो. मिळालंसं वाटलेलं गेलं, आणि आता एकमेव साक्षीदाराचीही पत संपली. आईला मारायची गरज उरली नाही, उलट ती जिवंत असून निरुपयोगी ठरली हे जास्त बोचतं.

पाटल्या आल्या आणि प्रत्येक प्रसंगाला ‘म्हणून’ किंवा ‘पण’ मिळाला. मोबदल्याचं भांडण तेच आहे. मात्र आता ते कुणी कुणासाठी काय सोसलं आणि ते का बोललं नाही याचं भांडण झालं आहे.

दाखवायचं काय, सांगायचं काय

प्रत्येक घटना दृश्य म्हणून लिहायची नसते. कालिदास गांधर्वविवाह दाखवत नाही. शापही रंगमंचावर समोरासमोर नाही, चौथ्या अंकाच्या आधीच्या विष्कंभकात, म्हणजे अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशात, तो पडद्यामागून ऐकू येतो, आपण फक्त फुलं वेचणाऱ्या मैत्रिणींचे घाबरलेले चेहरे पाहतो. मुलगा जन्मून वाढतो ती सगळी वर्षं दोन अंकांच्या फटीत गेली आहेत. उलट निरोपाला अख्खा अंक आहे, आणि तिथे घटना म्हणाल तर एकच: एक मुलगी घर सोडून जाते.

म्हणजे पानं द्यायची ती घटनेच्या मोठेपणावरून ठरत नाहीत. जिथे पात्राला काहीतरी सोडावं लागतं किंवा निवडावं लागतं तिथे थांबायचं, बाकीचं दोन परिच्छेदांत उरकायचं. सुमनच्या गोष्टीत हक्कसोडपत्राची नोंदणी, भूसंपादनाची नोटीस, मोजणी हे सगळं अर्ध्या पानात होईल. वकिलाच्या खोलीबाहेर बाकावर ती नवऱ्याशेजारी बसली आहे, त्या पंधरा मिनिटांना मात्र पूर्ण प्रकरण लागेल.

लिहिताना मी असं करायला सांगतो. पहिला खर्डा मनाला येईल तसा होऊ द्या, आराखडा आधी नसला तरी चालेल. तो झाल्यावर प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी करा. चिठ्ठीवर तीन ओळी: इथे कुणाला काय हवं आहे, आड काय येतं, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं आहे. तिसरी ओळ भरता येत नसेल तर तो प्रसंग काढा किंवा शेजारच्या प्रसंगात मुरवा. मग चिठ्ठ्या जमिनीवर मांडून मधले शब्द लिहा, आणि एका वेगळ्या कागदावर कुठल्या प्रकरणापर्यंत कुणाला काय कळलं आहे त्याचा तक्ता करा. कंटाळवाणं काम आहे. पण माधव्यासारखी भोकं याच तक्त्यात दिसतात.

शेवट

सातव्या अंकात राजा आणि शकुंतला भेटतात ती अंगठीमुळे नाही. राजा मारीच ऋषींच्या आश्रमात येतो, सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा मुलगा त्याला दिसतो, मुलाचा खाली पडलेला ताईत तो उचलतो आणि आई-बापांखेरीज इतरांना सर्प होऊन डसणारा तो ताईत त्याला दंश करत नाही, तेव्हा तापसींना कळतं की हा बाप आहे. अंगठी त्याच्या बोटात असते. तो ती शकुंतलेला परत देऊ करतो आणि ती म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, तुम्हीच घाला. चार अंक ज्या वस्तूभोवती फिरले ती वस्तू शेवटी तिला नको आहे. पहिल्या अंकातली मुलगी असं म्हणाली नसती. पात्र बदललं आहे हे कालिदासाने एका ओळीत दाखवलं, आणि ते दाखवायला तीच जुनी वस्तू वापरली.

सुमनच्या गोष्टीचा शेवट मी यावरूनच शोधेन. ती नवऱ्यासमोर आणि भावासमोर खरं बोलते, इथवर नक्की. दत्ता ट्रॅक्टर विकून पाटल्या करून आणतो, हा शेवट लगेच सुचतो आणि पुष्कळांना आवडेलही. पण त्यात सुमन फक्त घेणारी उरते. मला वाटतं तिने त्या पाटल्या घ्याव्यात आणि मुलीच्या फीसाठी सराफाकडे नेऊन विकाव्यात, या वेळी नवऱ्याला बरोबर घेऊन, नावावर पावती करून. हे ठरलं की पहिल्या प्रकरणात परत जावं लागेल. तिथे पहिल्या पाटल्या विकल्या गेल्या त्या कुणाच्या हातून, पावतीशिवाय, तो सराफ काय म्हणाला, हे तिथे एखाद्या ओळीत आलेलं असायला हवं.